गॅलरीतलं कोवळं ऊन आणि अकराचा रिपोर्ट

प्रश्न गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका ताईंचा आहे. वय ३८, बँकेत नोकरी, चौथ्या मजल्यावर फ्लॅट. पाठ-कंबर सतत दुखायची, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. कुणीतरी सांगितलं म्हणून चार महिने त्या न चुकता रोज सकाळी सात ते पावणेआठ पूर्वेच्या गॅलरीत उन्हाला बसल्या. मग रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी आलं ११. त्या विचारतात: माझं चुकलं कुठं? उन्हातून खरंच पुरेसं डी मिळतं का, की सरळ सहा लाख युनिटचं इंजेक्शन घेऊन टाकू? घरात ७१ वर्षांच्या सासूबाई आहेत आणि बाळंतपणाला आलेल्या नणंदेचं तीन महिन्यांचं बाळ आहे. त्यांचं काय करायचं?

ताई, मी नाशिकमध्ये सत्तावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करते आहे. तुमच्यासारखा रिपोर्ट हातात घेऊन आलेली माणसं आठवड्यातून दहा-बारा तरी भेटतात. त्यातल्या निम्म्यांचं वाक्य एकच असतं, "मॅडम, मी तर रोज कोवळं ऊन घेते." तुमची चिकाटी कमी पडलेली नाही. तुम्हाला दिलेला सल्लाच अर्धवट होता.

सकाळी सातचं ऊन आणि साडेअकराचं ऊन यांत फरक नुसत्या उष्णतेचा नाही. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो. त्याच्यावर सूर्याचे अतिनील-बी किरण पडले की त्याचं व्हिटॅमिन डीच्या आधीच्या रूपात रूपांतर होतं, आणि अंगाच्या उबेनं पुढच्या काही तासांत त्याचं डी-३ बनतं. तिथून ते रक्तात, रक्तातून यकृतात आणि शेवटी मूत्रपिंडात जाऊन कामाला लागतं. सगळा खेळ त्या अतिनील-बी किरणांचा आहे. हे किरण हवेत फार लवकर अडतात. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरणांना वातावरणाच्या थरातून तिरकं, लांबचं अंतर कापावं लागतं आणि वरचा ओझोन त्यांना जवळजवळ पूर्ण गिळून टाकतो. सकाळी सातला तुमच्या गॅलरीत प्रकाश येतो, ऊब येते, मन प्रसन्न होतं. डी बनवणारे किरण मात्र तिथं पोचतच नाहीत. चार महिने काय, चार वर्षं बसलात तरी आकडा हलणार नाही.

कोवळं ऊन वाईट आहे असं मी म्हणत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की झोपेचं घड्याळ जागेवर येतं, आखडलेले सांधे मोकळे होतात. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी ते त्याच वेळी घालावेत. फक्त त्यातून डी मिळतं ही समजूत सोडून द्यायला हवी, कारण त्या भरवशावर लोक औषध घेत नाहीत आणि हाडं ठिसूळ होत राहतात.

मग ऊन कधीचं घ्यायचं? यासाठी घड्याळाची गरज नाही, सावली पुरते. उघड्यावर ताठ उभ्या राहा आणि स्वतःची सावली पाहा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर डी बनण्याजोगे किरण भरपूर आहेत. उंचीएवढी किंवा जरा मोठी असेल तर थोडेफार आहेत. दुप्पट-तिप्पट लांब असेल तर वेळ वाया चालला आहे. हा ढोबळ नियम आहे, पण माझ्या अनुभवात याच्याइतका लक्षात राहणारा दुसरा नियम नाही. अशिक्षित आजींनाही तो एकदा सांगितला की पुरतो.

आता हा नियम नाशिकला लावून पाहू, कारण पुस्तकात छापलेले "दहा ते तीन" सगळ्या गावांना आणि सगळ्या महिन्यांना लागू पडत नाहीत. आपण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत. शिवाय आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७३.८ वर, म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आगेमागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारानंतर लगेच, फेब्रुवारीत पावणेएकला.

मे महिन्यात सकाळी साडेनऊलाच तुमची सावली उंचीपेक्षा आखूड झालेली असते आणि पावणेचारपर्यंत तशीच राहते. मेच्या विसाव्या तारखेच्या सुमारास तर नाशिकमध्ये भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. याचा फायदा असा की उन्हाळ्यात डी मिळवायला बाराच्या फुफाट्यात जायची गरजच नाही. साडेनऊ ते साडेदहा पुरे. मार्च आणि ऑक्टोबरमध्ये दहाच्या सुमारास वेळ सुरू होते. डिसेंबरात मात्र चित्र पालटतं. बावीस डिसेंबरला ऐन माध्यान्हीसुद्धा पाच फूट उंचीच्या बाईची सावली तिच्याहून जेमतेम तीन इंच आखूड असते. आखूड सावलीचा सगळा अवधी म्हणजे पावणेबारा ते सव्वाएक. थंडीत निफाडकडे पारा घसरला की लोक शेकोटीनंतर आठच्या उन्हात पाठ शेकत बसतात. ते बसणं सुखाचं असतं. हाडांसाठी मात्र त्याच अंगणात साडेबाराला, तेही उन्हाळ्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं जास्त बसावं लागेल. गंमत म्हणजे त्या दिवसांत दुपारचं ऊन मुळीच त्रास देत नाही, उलट हवंहवंसं वाटतं. तरी त्या वेळी आपण सगळे ऑफिसात, वर्गात नाहीतर दवाखान्यात असतो.

तुमच्या गॅलरीचा दोष वेगळा सांगते, कारण तो नव्या नाशिकमधल्या हजारो घरांचा आहे. पूर्वेच्या गॅलरीत ऊन येतं ते सूर्य खाली असेपर्यंत. सूर्य वर चढला, म्हणजे जेव्हा तो उपयोगाचा होतो, तेव्हा वरच्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब आडवा येतो आणि तुमच्याकडे सावली पडते. त्या गॅलरीला योग्य किरण मिळण्याची वेळच येत नाही. दक्षिणेची गॅलरी असेल तर हिवाळ्यात दुपारी ऊन आत येतं, ते कामाचं. पण साधारण २० मे ते २३ जुलै दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, तेव्हा तीही कोरडी. आणि गॅलरीला काचेच्या सरकत्या खिडक्या बसवून घेतल्या असतील तर विषयच संपला. साधी काच अतिनील-बी अडवते आणि कातडी काळवंडणारे अतिनील-ए आत सोडते. काचेमागे बसून चेहऱ्यावर वांग येतील, डी येणार नाही. चारचाकीत काचा वर करून ओझरपर्यंत रोज ये-जा करणाऱ्या माणसाची अवस्था हीच.

म्हणून ताई, गच्ची. सोसायटीच्या गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते आणि तिथं टाकी साफ करायला सोडून कुणी जात नाही. पूर्वी आपल्या घरांत मार्च ते मे बायकांचे तास-दोन तास गच्चीवर जायचे. पापड, कुरडया, सांडगे घालायचे, राखायचे, उलटायचे, गव्हाला ऊन दाखवायचं. दहा-अकराच्या उन्हात हात कोपरापर्यंत उघडे, पाठीवर ऊन. कुणी डी म्हणून ते करत नव्हतं, पण होत होतं. आता वाळवण विकत येतं आणि गच्चीला कुलूप असतं. माझ्या काही पेशंट बायकांनी एकमेकींना धरून रविवारी दहाला गच्चीवर जायला सुरुवात केली आहे. एकटीला तिथं बसायला संकोच वाटतो, चौघी असल्या की वाटत नाही.

किती वेळ, किती अंग? गव्हाळ रंगाला हात खांद्यापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून वीस ते तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. सावळ्या रंगाला तीस ते पंचेचाळीस, कारण कातडीतलं रंगद्रव्यच तेच किरण पिऊन टाकतं. ते आपलं नैसर्गिक संरक्षण आहे आणि त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांनी सुरू करा आणि वाढवत न्या. कातडी चुरचुरायला लागली की उठायचं. फार वेळ बसून जास्त डी साठत नाही. एका मर्यादेनंतर तेच ऊन तयार झालेल्या पदार्थाचे निरुपयोगी तुकडे करायला लागतं. त्यामुळे उन्हानं कधी व्हिटॅमिन डीची बाधा होत नाही. जास्त बसलात तर भाजेल तेवढं.

चेहरा मात्र झाका. स्कार्फ, टोपी, सनस्क्रीन, काय हवं ते. हे ऐकून बायकांना आश्चर्य वाटतं आणि सुटकाही वाटते, कारण वांग आणि काळवंडण्याच्या धास्तीनंच त्या उन्हात जात नाहीत. कातडीचा कुठला भाग उन्हात आहे यानं हाडांना फरक पडत नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस, म्हणजे हाडं मऊ होऊन वाकण्याचा आजार, झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश सोडला. फक्त एका हातावर प्रकाश दिला तरी दोन्ही हातांची हाडं सुधारली. कातडीत बनलेलं रक्तातून सगळीकडे जातं, हे त्यावरून कळलं. तेव्हा पाठ, दंड, पोटऱ्या उन्हाला द्या आणि चेहरा जपा. चेहरा अंगाच्या मानानं आहे तरी केवढासा!

इथं नाशिकची एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२२ साली हचिसन आणि शाह या दोघांनी मुडदुसावर जो अभ्यास प्रसिद्ध केला तो आपल्या नाशिकमधला होता. त्यांना दिसलं ते असं: खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांत, जिथं बाया आणि तान्ही मुलं अंधाऱ्या खोल्यांत राहायची, तिथं मुडदूस आणि हाडं मऊ होण्याचा आजार होता. शेतात राबणाऱ्या, अंगावर बाळ घेऊन उन्हात फिरणाऱ्या गरीब घरांत, जेवणाचे हाल असूनही, तो दिसत नव्हता. शंभर वर्षांपूर्वी याच गावात उत्तर सापडलं होतं. आज पडद्याची जागा वेगळ्या गोष्टींनी घेतली आहे. दुचाकीवरून कॉलेज रोडला निघालेली मुलगी पाहा: डोक्याला स्कार्फ, अंगात लांब बाह्यांचा सनकोट, हातात मोजे, पायात सॉक्स. उघडे असतात ते फक्त डोळे आणि त्यांवरही गॉगल. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा दिवसा पडदे ओढून झोपतो. आणि मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात त्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतल्या बायका. दिवसभर शेतात असतात, म्हणून त्यांना डीची कमतरता असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण औषधांच्या फवाऱ्यापासून आणि उन्हापासून वाचायला त्या साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घालतात, डोक्या-तोंडाला फडकं गुंडाळतात, आणि काम करतात मांडवाखाली, वेलीच्या सावलीत. त्यांच्या पाय दुखण्याला "कष्टाचं दुखणं" म्हणून गोळी दिली जाते. मी आता अशा बाईला जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठायला सांगते. उठता आलं नाही आणि नडगीचं हाड दाबल्यावर दुखलं, तर तपासणी करतेच.

दिल्लीतही २००० साली एम्सच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांचं रक्त तपासलं होतं. त्यात उघड्यावर राबणाऱ्या सैनिकांची पातळी हॉस्पिटलमधल्या डॉक्टर-नर्सपेक्षा कितीतरी बरी निघाली. हे वाचल्यावर मी माझं स्वतःचं रक्त तपासलं. ९ आलं. सकाळी आठला ट्यूबलाइटखाली शिरून रात्री नऊला बाहेर पडणाऱ्या बाईचं दुसरं काय येणार? तेव्हापासून मी हिवाळ्यात दुपारचा डबा ओपीडीच्या खोलीत खात नाही, मागच्या गच्चीवर खाते. भर उन्हात, बाह्या वर करून.

पावसाळ्याचं काय, असं लोक विचारतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग असतात, त्र्यंबक-इगतपुरीला तर सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही. पातळ ढगांतून बरेच किरण येतात, दाट काळ्या ढगांतून फार थोडे. रक्तातला साठा निम्मा व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, चरबीत साठलेलंही हळूहळू बाहेर येत असतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नीट ऊन घेतलेल्याचा पाऊस कसाबसा निघतो, न घेतलेल्याचा निघत नाही. ऑक्टोबरचं ऊन मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. लोक ऑक्टोबर हीटला वैतागून घरात बसतात, पण पावसानं रिकामी झालेली टाकी हिवाळा लागायच्या आत भरायची ती याच महिन्यात.

आता तुमच्या ११ या आकड्याकडे येते. आधी रिपोर्टवर एकक पाहा. नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर ११ म्हणजे खरोखर कमी. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तो आकडा अडीच पट असतो, आणि त्या गोंधळात काहींना उगाच औषध मिळतं तर काहींचं राहून जातं. नॅनोग्रॅममध्ये २० च्या खाली कमतरता, १२ च्या खाली हाडांना धोका, असं मी मानते. ३० च्या वर असायलाच हवं असा आग्रह पूर्वी होता. तो आता सैल झाला आहे, आणि धडधाकट माणसांनी उगाच ही तपासणी करत बसू नये असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२४ मध्ये सांगितलं. मलाही हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सरसकट डी टाकणं पटत नाही. तुमचं तसं नाही. तुम्हाला त्रास आहे, मांड्यांत अशक्तपणा आहे. तुमची तपासणी योग्यच होती.

११ वरून नुसत्या उन्हानं वर यायला फार महिने लागतील आणि बँकेच्या नोकरीत ते जमणार नाही. त्यामुळे आधी औषधानं खड्डा भरायचा आणि मग उन्हानं पातळी राखायची, हा माझा क्रम आहे. साधारणपणे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. ती पाण्यासोबत रिकाम्या पोटी घेऊ नका. डी स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून दुपारच्या जेवणानंतर किंवा साय न काढलेल्या दुधात घ्या. पुडी सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांसाठी) एकदा पाहून घ्या. मुतखडा होऊन गेला असेल, मिरगीची गोळी चालू असेल, पोटाचा जुना आजार असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. वजन जास्त असलेल्यांना डोस जास्त लागतो, कारण डी चरबीत जाऊन बसतं.

सहा लाखांचं इंजेक्शन मात्र घेऊ नका. मी ते देत नाही आणि कारण सांगते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर एक प्रयोग झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना वर्षातून एकदा पाच लाख युनिट एकदम दिले, बाकीच्यांना काहीच औषध नसलेली गोळी. अपेक्षा होती की हाडं मोडण्याचं प्रमाण घटेल. झालं उलट: डी घेतलेल्या बायका जास्त वेळा पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. शरीराला हे थोडं थोडं लागतं. एकदम ओतलेलं मानवत नाही.

आणि पुड्यांचीही एक धास्ती आहे, ती तुमच्या घरात वडीलधारी माणसं आहेत म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातल्या एका आजोबांना आमच्याकडे आणलं. आठ दिवस उलट्या, कोठा साफ नाही, सारखी तहान, सारखी लघवी आणि बोलण्यात भ्रम. मुलाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. कॅल्शियम खूप चढलेलं आणि मूत्रपिंडावर ताण आलेला. औषधांची पिशवी उलटी केली तेव्हा कळलं. आठवड्याला एक लिहिलेली पुडी आजोबा रोज घेत होते, अडीच महिने. म्हणजे पंचेचाळीस लाख युनिट. सलाइन आणि औषधांवर बरेच दिवस काढून ते बरे झाले, पण ते दिवस मी विसरलेले नाही. तेव्हापासून चिठ्ठीवर मी "आठवड्यातून एकदा" एवढंच लिहीत नाही, वार लिहिते. "दर गुरुवारी." आणि घरच्यांना कॅलेंडरवर त्या गुरुवारांवर खूण करायला लावते. तुम्हीही करा.

आठ आठवडे झाल्यावर आठवड्याची पुडी थांबवायची. ६०,००० दर आठवड्याला म्हणजे दिवसाला साडेआठ हजार होतात, आणि देखरेखीशिवाय कायम घेण्याची वरची मर्यादा ४,००० ची आहे. बऱ्याच जणी बरं वाटतंय म्हणून वर्षानुवर्षं चालू ठेवतात. ते नको. त्यानंतर ऊन जमत असेल तर ऊन आणि पावसाळ्यात रोजची १,००० ची गोळी. ऊन जमणारच नसेल तर ती गोळी वर्षभर. धडधाकट माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) ६०० युनिट धरली आहे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते: पातळी मुळात ठीक असताना जास्तीचं डी घेऊन हृदयविकार, कॅन्सर टळतो असं नाही. अमेरिकेत २५,८७१ माणसांना घेऊन हे पाहिलं गेलं, रोज २,००० युनिट देऊन. तसा फायदा दिसला नाही, आणि निरोगी माणसांची हाडं मोडण्याचंही घटलं नाही. ज्याला कमी आहे त्याच्यासाठी हे औषध आहे.

खाण्यातून डी फारसं मिळत नाही. बांगडा, तारली खाणाऱ्यांना थोडं मिळतं. अंड्याच्या बलकात चाळीसएक युनिट. दूध-तेलाच्या पिशवीवर '+एफ' असेल तर त्यात वरून घातलेलं असतं, पण चहापुरत्या दुधातून ते किती येणार? शाकाहारी घरात एक सोपी गोष्ट करता येते: मशरूम चिरून दुपारच्या उन्हात अर्धा-पाऊण तास ठेवा. आपल्या कातडीसारखंच त्यांच्यातही डी बनतं. खाण्यात खरं लक्ष द्यायचं ते कॅल्शियमकडे, कारण डी असूनही कॅल्शियम नसेल तर हाडात घालायचं काय? नाचणी, तीळ, दूध-दही, राजगिरा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. सकाळी नाचणीची आंबील किंवा रात्री तिची भाकरी, हे औषधाच्या दुकानातून आणायचं काम नाही.

सासूबाईंचं. सत्तरी ओलांडलेल्या कातडीत डीचा कच्चा माल तरुणपणाच्या निम्म्याहूनही कमी उरतो, त्यामुळे त्यांना उन्हावर सोडून देऊ नका. उन्हात बसणं चांगलंच, पाठीवर ऊन घेत पालेभाजी निवडत बसू देत, पण एप्रिल-मेमध्ये दहानंतर नको. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही आणि उष्माघात पटकन होतो. त्यांना रोज ८०० ते १,००० युनिटची गोळी वर्षभर द्या. त्यांच्या बाबतीत मला डीच्या आकड्याइतकीच काळजी बाथरूममधल्या ओल्या फरशीची आणि रात्री अंधारात उठण्याची आहे. भिंतीला धरायला दांडी बसवा, पलंगापाशी छोटा दिवा ठेवा. खुब्याचं हाड मोडून आलेल्या आज्यांच्या घरी मी जेव्हा विचारते, तेव्हा बहुतेक वेळा पडण्याची जागा बाथरूम हीच निघते.

बाळाचं उत्तर सोपं आहे. आईच्या दुधात सगळं असतं, डी मात्र फार थोडं. म्हणून जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचे, भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचीही हीच शिफारस आहे. बाटलीवर नीट वाचा. काही थेंबांत एका मिलिलिटरला ४०० असतात, काहींत ८००, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची बाटली आणली की ड्रॉपरवरची रेघ बदलते. तेल लावून, आंघोळ घालून सकाळच्या उन्हात थोडा वेळ बाळाला घेऊन बसायची रीत ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, त्यात माया आहे. पण थेंब बंद करण्याचं ते कारण होऊ शकत नाही, आणि आखूड सावलीच्या कडक उन्हात तान्ह्या बाळाला न्यायचं नाही. त्याची कातडी पातळ असते, भाजते. नणंदबाईंचीही तपासणी करून घ्या. बाळाला जन्मतः मिळालेला साठा आईचाच असतो, आणि दूध पाजणाऱ्या आईची कंबर दुखते ती दर वेळी टाक्यांमुळे किंवा भुलीच्या इंजेक्शनमुळे नसते.

कुणी उन्हात जाऊच नये, तेही लिहून ठेवते: ल्युपस हा उन्हानं बळावणारा आजार असलेले, उन्हानं पुरळ येणारे, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी कातडी हळवी करणारी औषधं चालू असलेले. यांनी गोळीच घ्यावी.

तुमच्या मांड्यांची ताकद परत यायला वेळ लागेल. तीन-चार आठवड्यांत जिना थोडा सोपा वाटायला लागतो, हाडांचं दुखणं जायला तीन-चार महिने लागतात. तोवर अल्कलाइन फॉस्फटेज चढलेलं असेल तर तेही उतरायला लागेल. डी पुन्हा तपासायचं ते पहिल्या पुडीपासून तीन महिन्यांनी, त्याआधी नाही, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की मशीन बदलतं आणि आकडाही दोन-चारनं इकडेतिकडे होतो. तोवर दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी गच्ची. या आठवड्यात सावली कितीला आखूड होते ते एकदा स्वतः उभं राहून पाहा आणि ती वेळ फ्रिजवर लिहून ठेवा. महिन्यानं ती बदलेल, तेव्हा पुन्हा पाहायची.